गुणांचे खाते : इंदूरच्या मराठी शब्दसंग्रहातील प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

इंदूर आणि आसपासच्या माळव्यात बोलल्या जाणाऱ्या मराठीतील शब्द, वाक्प्रयोग आणि त्यांची उदाहरणे एकत्र करण्याचे आमचे ऑनलाइन काम आता दुसऱ्या टप्प्यात आले आहे. पहिल्या टप्प्यात आम्ही सात-आठ जणच होतो, सगळे एकमेकांना ओळखत होतो, आणि कोणाच्या नोंदीवर किती विसंबायचे हे वेगळे ठरवावे लागत नव्हते. रामबागेतील काकूंनी ‘हा शब्द आमच्या आजेसासूबाईंच्या तोंडी असे’ म्हटले की विषय तिथेच संपत असे. आता पुण्यात, बंगळूरमध्ये आणि परदेशात स्थायिक झालेले इंदूरकरही सदस्य झाले आहेत. एखादी नोंद खरी मानावी की नाही हे ठरवताना लिहिणारा माणूस समोर नसतो आणि त्याच्या घरात कोणती मराठी चालते हेही कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी गुणपद्धती आणावी असे काल रात्री ठरले आणि ती बसवण्याचे काम माझ्याकडे आले.

संपादन पाहणारे काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत. या गुणांना आपण काय म्हणणार, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. ‘गुण’ म्हटले की परीक्षा आठवते, म्हणून त्यांना ‘पत’ हा शब्द हवा होता. आपल्या खिशात किती आहे यावर पत ठरत नाही, दुसरे आपल्या हाती किती सोपवायला तयार आहेत यावर ती ठरते, असे त्यांनी समजावले. मला ते पटले आणि आतल्या रचनेत त्या रकान्याचे नाव मी ‘पत’ असेच ठेवले. पडद्यावर मात्र ‘गुण’ राहू दिले, कारण ‘तुमची पत ४ आहे’ असे वाचून नवा सदस्य परत फिरकणार नाही.

तूर्त ठरवलेले दर असे आहेत: नव्या नोंदीला १०, उदाहरणवाक्याला ५ आणि दुसऱ्याची नोंद तपासून मत दिल्यास २. या तिन्ही आकड्यांमागे कसलाही हिशेब नाही, हे इथे लिहून ठेवतो.

९ जून २०२५

इतरांनी हे कसे केले आहे ते आठवडाभर वाचले. प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांसाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोची पद्धत सर्वांत बारकाईने बांधलेली दिसते. तिथे उत्तराला कोणी पसंती दिली तर लिहिणाऱ्याला १० गुण मिळतात आणि प्रश्न विचारणाऱ्याने ते उत्तर स्वीकारले तर आणखी १५ मिळतात. नापसंतीचे मात्र फक्त २ जातात. हा असमतोल मुद्दाम ठेवलेला आहे, कारण एखाद्याने खोडसाळपणे हरकत घेतली तरी मनापासून काम करणाऱ्याचे खाते त्यामुळे रिकामे होऊ नये. शिवाय दुसऱ्याच्या उत्तराला नापसंती देणाऱ्याच्या खात्यातूनही १ गुण वजा होतो. हा नियम मला फार आवडला. हरकत घेण्यास मनाई नाही, पण ती फुकटही नाही, त्यामुळे माणूस बटण दाबण्याआधी क्षणभर थांबतो.

पसंतीतून मिळणाऱ्या गुणांना तिथे दिवसाला २०० ची मर्यादा आहे, त्यामुळे एखादे गमतीदार उत्तर एका दिवसात गाजले तरी त्याचा लेखक वर्षभर राबणाऱ्याच्या पुढे एका उडीत जात नाही. दर कायमचे नसतात हेही तिथे दिसते. चांगल्या प्रश्नाला उत्तराच्या निम्मेच, म्हणजे ५ गुण मिळत असत. २०१९ मध्ये ते पुन्हा १० केले गेले.

माझ्या दृष्टीने सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे तिथे गुणांच्या बदल्यात मोठेपणा न देता काम दिले जाते. १५ गुण झाले की दुसऱ्याच्या लेखनाला पसंती देता येते, ५० झाले की कोठेही टिप्पणी करता येते, नापसंतीसाठी १२५ लागतात, आणि २,००० झाले की दुसऱ्याचा मजकूर कोणाच्या मंजुरीवाचून थेट सुधारता येतो. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की बँकेत सही करण्याचे अधिकार असेच टप्प्याटप्प्याने मिळतात आणि त्याला कोणी बक्षीस म्हणत नाही.

२३ जून २०२५

पहिला फटका बसला. अभियांत्रिकीला असलेल्या एका विद्यार्थ्याने एका रात्रीत ६४ नोंदी भरल्या आणि सकाळी तो यादीत पहिला होता. ‘अलमारी’, ‘चद्दर’, ‘बत्ती’, ‘भुट्टा’ असे शब्द, प्रत्येकापुढे एकाच शब्दाचा अर्थ, आणि उदाहरणवाक्यांच्या जागी ‘ही अलमारी आहे’, ‘ही चद्दर आहे’. काकांचा पारा चढला. पण त्या नोंदी खोट्या आहेत असे मला म्हणता येईना, कारण इंदूरच्या मराठी घरांत ‘अलमारीतून चद्दर काढ’ हे वाक्य सहज कानावर पडते. आम्हाला हवे होते ते वेगळेच. ‘तो येऊन राहिला आहे’ ही क्रियापदाची घडण इथे हिंदीच्या शेजारामुळे रुजली की विदर्भातल्या मराठीशी तिचे काही नाते आहे, ती कोणत्या घरांत चालते, कोणत्या पिढीत थांबली, असे तपशील आम्हाला हवे होते. अशी एक नोंद करायला दोन संध्याकाळी आणि तीन फोन लागतात. आमच्या दराने तिला १५ गुण आणि ‘अलमारी’लाही १५ गुणच मिळत होते.

दोष त्या मुलाचा नाही. आम्ही जे मोजले ते त्याने भरून दिले. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना असे निरीक्षण नोंदवले होते की एखाद्या आकडेवारीचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की तिच्यात आधी दिसणारी नियमितता मोडते. गूगलच्या नकाशावर ठिकाणांची माहिती भरणाऱ्यांसाठी असलेल्या लोकल गाइड्स योजनेत अभिप्रायाला १० गुण, छायाचित्राला ५ गुण आणि दहाव्या पातळीसाठी १,००,००० गुण असा हिशेब आहे. पोह्यांच्या एकाच बशीची पाच बाजूंनी काढलेली छायाचित्रे नकाशावर का दिसतात, याचे उत्तर मला त्या दरपत्रकात मिळाले.

बदल असा केला: लिहिल्याबद्दल आता काहीच मिळणार नाही. वेगवेगळ्या तीन सदस्यांची मान्यता मिळाली की मगच नोंदीचे १० गुण लिहिणाऱ्याच्या खात्यात जमा होतील, आणि एका दिवसात ५० च्या वर जमा होणार नाहीत. विद्यार्थ्याला फोन करून हे आधी सांगितले. तो रागावला नाही. ‘मग मला चांगला शब्द कसा असतो ते दाखवा’ एवढेच म्हणाला.

५ जुलै २०२५

नोंदींची क्रमवारी लावण्याचा प्रश्न मी सोपा समजत होतो. एकाच वस्तूला दोन-तीन शब्द सुचवलेले असतील तर ज्याला मान्यतेचे प्रमाण जास्त तो वर, असे मी लिहून टाकले होते. तसे केल्यावर एका मताची आणि तीही लिहिणाऱ्याच्या बहिणीने दिलेली मान्यता असलेली नोंद १०० टक्क्यांनी सर्वांत वर बसली, आणि १०० पैकी ९० जणांनी मान्य केलेली नोंद ९० टक्क्यांमुळे तिच्याखाली गेली. मान्यतेतून हरकती वजा करून पाहिले तर उलटा दोष आला. १०० मान्यता आणि ६० हरकती असलेला वादग्रस्त शब्द ४० वर राहतो, आणि ३० मान्यता व शून्य हरकती असलेला निर्विवाद शब्द त्याच्याखाली जातो.

यावरचा उपाय जुना आहे. अमेरिकी गणिती एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये प्रमाणाच्या अंदाजासाठी एक सूत्र दिले. हाती आलेल्या मतांवरून खरे प्रमाण कोणत्या दोन मर्यादांमध्ये असावे हे त्यातून काढता येते. क्रमवारीसाठी त्यातली खालची मर्यादा घ्यायची, म्हणजे मते थोडी असली की नोंद आपोआप खाली राहते आणि मते वाढतील तशी वर सरकते. ९५ टक्के खात्रीची पातळी धरून मी हाताने आकडेमोड केली. १ पैकी १ मान्यता असेल तर खालची मर्यादा सुमारे ०.२१ येते, ३ पैकी ३ ला ०.४४, १० पैकी १० ला ०.७२, २० पैकी १८ ला ०.७० आणि १०० पैकी ९० ला ०.८३.

हा तक्ता काकांना दाखवायला गेलो तेव्हा ते ओट्यावर भुट्ट्याच्या किसासाठी कणसे किसत बसले होते. २० पैकी १८ च्या वर १० पैकी १० कसे, हे त्यांना लगेच पटले, पण १ पैकी १ ला ०.२१ म्हणजे अन्याय आहे असे त्यांचे म्हणणे पडले. काकूंनी एकटीने सांगितलेला शब्द दुसऱ्या कोणालाच माहीत नसेल तर त्याला दुसरी मान्यता येणार कोठून? या प्रश्नाला सूत्राकडे उत्तर नाही. सूत्र प्रत्येक मत सारखेच धरते आणि मत देणाऱ्याला विषय ठाऊक आहे असेही गृहीत धरते. नामशेष होत चाललेल्या शब्दांच्या संग्रहात तर जे बहुतेकांना ठाऊक नाही तेच सर्वांत मोलाचे असते. म्हणून अशा नोंदींसाठी ‘साक्षीदाराच्या शोधात’ असा वेगळा कप्पा केला. त्यात क्रमवारीच लागत नाही.

१८ जुलै २०२५

काल स्वच्छ सर्वेक्षणाचे निकाल आले आणि आज सकाळी पोह्यांच्या गाडीवर दुसरा विषय नव्हता. २०१६ मध्ये हे शहर पंचविसावे होते, २०१७ पासून सतत पहिले राहिले, २०२३ च्या सर्वेक्षणात सुरतेबरोबर संयुक्त पहिले आले, आणि यंदा नेहमी अग्रभागी असणाऱ्या शहरांना ‘सुपर स्वच्छ लीग’ अशा वेगळ्या वर्गात नेले गेले. दहा लाखांवरील शहरांच्या नेहमीच्या यादीत त्यामुळे अहमदाबाद पहिले आले. आपले शहर पहिले आहे की नाही, यावर गाडीवर दोन तट पडले होते.

मला यात आमचाच प्रश्न दिसला. एकूण गुणांची यादी लावली की पहिल्या टप्प्यातले सात-आठ जण कायम वर राहतात. वर असल्यामुळे त्यांच्या नोंदी जास्त वाचल्या जातात, त्यामुळे जास्त मान्यता मिळतात, आणि अंतर वाढत जाते. ज्याच्यापाशी आहे त्यालाच आणखी मिळते, या प्रकाराला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानातील श्रेयवाटपासंदर्भात मॅथ्यू परिणाम असे नाव दिले. गेल्या महिन्यात आलेला सदस्य चाळिसाव्या क्रमांकावरून वर पाहतो तेव्हा शिखर त्याच्या आवाक्यातच नसते.

पर्याय दोन होते. एक म्हणजे जुने गुण हळूहळू झिजवायचे, म्हणजे समजा १८० दिवसांत निम्मे, तर ४०० चे २०० आणि आणखी १८० दिवसांनी १०० उरतील. दुसरा पर्याय म्हणजे खात्याला हात न लावता यादी फक्त गेल्या २८ दिवसांच्या कामाची लावायची. काकांनी पहिला पर्याय ऐकूनही घेतला नाही. व्यवहार थांबला म्हणून खातेदाराची शिल्लक बुडवायची नसते, असे ते म्हणाले. दुसरा स्वीकारला. अधिकार एकूण शिलकीवर मिळतील, यादी २८ दिवसांची राहील आणि ती दर सोमवारी लागेल.

बरोबरीचाही निर्णय लिहून ठेवतो. दोघांचे गुण सारखे असतील तर दोघेही पहिले, आणि त्यांच्यानंतरचा तिसरा. त्याला दुसरा म्हणण्याचीही पद्धत आहे, पण तुमच्या पुढे दोन माणसे आहेत हे तिसऱ्याला स्पष्ट कळावे, असे मला वाटते.

५ ऑगस्ट २०२५

लोकमान्य नगरच्या एकाच इमारतीतील दोन कुटुंबे एकमेकांच्या प्रत्येक नोंदीला मान्यता देत आहेत, असे खतावणी चाळताना दिसले. त्याला लबाडी म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. शेजाऱ्याने हळदीकुंकवाला बोलावले की आपणही बोलावतो, तसाच हा व्यवहार आहे. पण गुणांपुरता त्याचा परिणाम लबाडीसारखाच होतो. याच्या उलटा प्रकार ईबेवर घडत होता. तिथे खरेदीदार आणि विक्रेता दोघेही एकमेकांबद्दल अभिप्राय देत असत, आणि वाईट अभिप्राय दिला तर समोरचाही सूड म्हणून वाईटच देईल या भीतीने लोक गप्प बसत. शेवटी २००८ मध्ये कंपनीने विक्रेत्यांना खरेदीदारांबद्दल प्रतिकूल अभिप्राय देण्यास बंदी केली.

आम्ही बंदी न घालता वजन कमी केले. एकाच सदस्याने त्याच सदस्याला दिलेली पहिली मान्यता पूर्ण १ धरायची, दुसरी अर्धी, तिसरी एक तृतीयांश, अशी उतरती. अशा १० मान्यतांची बेरीज १० न होता २.९३ होते. दहा वेगवेगळ्या माणसांनी दिलेल्या १० मान्यता मात्र १० च राहतात. एकाच माणसाने तीन मोबाइल क्रमांकांवर तीन खाती उघडली तर हा उपाय चालत नाही, म्हणून २० गुण होईपर्यंत मान्यता देण्याचा अधिकारच मिळणार नाही, अशी जोड दिली. तिन्ही खात्यांवर आधी खरे काम करून दाखवण्याइतका उत्साह असलेला माणूस सापडलाच, तर त्याला आम्ही संपादक मंडळात घेऊ.

हरकत घेणाऱ्याचे नाव दिसावे की नाही, यावर बराच वाद झाला. नाव न दाखवता कारण लिहिणे सक्तीचे करावे, असे ठरले.

१२ ऑगस्ट २०२५

भाच्याने बुद्धिबळातील एलो मानांकन वापरण्याचे सुचवले. आर्पाड एलो यांची ही पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या मानांकनात ४०० चा फरक असेल तर वरच्याकडून डावामागे सुमारे ०.९१ गुणाची अपेक्षा असते, आणि अपेक्षेपेक्षा निकाल वेगळा लागला की त्या फरकाच्या प्रमाणात दोघांचेही आकडे हलतात. पद्धत देखणी आहे, पण तिला सामना लागतो. आमच्याकडे कोणी कोणाशी खेळत नाही. प्रस्ताव बाजूला ठेवला.

२४ ऑगस्ट २०२५

काकूंचा फोन आला. ‘अरे, मी सत्तेचाळिसावी का दाखवतेय? माझं काही चुकलं का?’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती, आणि त्यामुळे मला अधिक ओशाळल्यासारखे झाले.

त्यांची खतावणी काढून पाहिली. जूनपासून त्यांनी स्वतःची एकच नोंद केली आहे. दुसऱ्यांच्या नोंदींवर मात्र त्या रोज दुपारी बसतात. ‘हा शब्द आमच्याकडे सोवळ्यातल्या भांड्यालाच वापरत, कोणत्याही भांड्याला नाही’, ‘हा उच्चार देवासकडचा आहे’, अशा त्यांच्या टिपांमुळे कितीतरी नोंदी दुरुस्त झाल्या, आणि दुरुस्त झाल्यावर त्यांना मान्यता मिळून गुण जमा झाले ते मूळ लिहिणाऱ्यांच्या खात्यात. तपासणीचे २ गुण मी जूनमध्ये रद्द केले होते, कारण लोक न वाचताच बटण दाबत होते. त्या एका फटक्यात, वाचूनच बटण दाबणाऱ्या एकमेव व्यक्तीचे कामही हिशेबाबाहेर गेले होते.

नियम असा जोडला: टीप आल्यानंतर लिहिणाऱ्याने नोंद बदलली आणि ती टीप उपयोगी पडली असे नोंदवले, तर नोंद मान्य होताना टीपकर्त्याला ४ गुण मिळतील. हे ४ गुण लिहिणाऱ्याच्या १० मधून कापले जाणार नाहीत, नाहीतर उपकार मान्य करायला कोणी तयार होणार नाही.

त्याच वेळी संख्या दाखवण्याचाही फेरविचार केला. १९९७ पासून चालणाऱ्या स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि चर्चांच्या संकेतस्थळावर सदस्याच्या ‘कर्मा’चा आकडा आधी दिसत असे, लोक तो वाढवण्याच्या नादी लागले, तेव्हा आकडा लपवून त्याजागी ‘चांगले’, ‘उत्कृष्ट’ अशा अर्थाचे शब्द दाखवू लागले. तिथे मत देण्याचा अधिकारही कायमचा नसतो. थोड्या दिवसांपुरते मोजके गुण वाटायला मिळतात, आणि ज्या चर्चेत ते वाटले तिच्यात स्वतः लिहिता येत नाही. आम्ही पहिल्या दहांचेच क्रमांक दाखवणार आहोत. त्याखालच्या कोणालाही सत्तेचाळिसावा असे सांगण्याचे काही कारण मला सापडले नाही.

७ सप्टेंबर २०२५

काल अनंत चतुर्दशी. गिरण्या बंद पडून कित्येक वर्षे झाली तरी त्यांच्या नावाच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर निघतात आणि परीक्षक त्यांना क्रमांक देतात. गर्दीचा कौल आणि परीक्षकांचा कौल दर वर्षी जुळतोच असे नाही, आणि त्यावरची चर्चा पहाटेपर्यंत चालते. आमच्याकडे परीक्षक नाहीत. संपादक मंडळाने एखादी नोंद ‘विशेष’ ठरवली तर तिला गुण द्यावेत का, हा प्रश्न मिरवणुकीतून परतताना काकांनी काढला. खूण द्यावी, गुण देऊ नयेत, असे माझे मत पडले आणि तेच ठरले.

२९ सप्टेंबर २०२५

सर्व नियम जूनच्या पहिल्या दिवसापासून लागू करून खाती पुन्हा मोजली. हे शक्य झाले, कारण काकांच्या आग्रहाने मी सुरुवातीपासून फक्त शिल्लक न साठवता प्रत्येक व्यवहाराची ओळ साठवली होती: कोणी, कोणाला, कोणत्या नोंदीवर, केव्हा. ओळ कधी खोडायची नाही, चूक झाली तर उलटी ओळ लिहायची, हा त्यांचा बँकेतला नियम. शिल्लक ही या ओळींची बेरीज असते, त्यामुळे दर बदलले की बेरीज नव्याने करता येते.

पुनर्मोजणीत माझी चूक झाली ती गणिताबाहेरची. आधी कळवले नाही. सोमवारी सकाळी लोकांनी पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक खाती उतरली होती. एका जुन्या सदस्याने, ज्यांचे गुण शेजारधर्मामुळे फुगले होते, ‘आमचे कमावलेले काढून घेतले’ असे लिहून काम थांबवले आहे. हिशेब बरोबर आहे, पण ते म्हणतात तेही मला खोडता येत नाही, कारण ज्या नियमाने त्यांनी कमावले तो नियम आम्हीच छापला होता. त्यांना मिळालेले अधिकार परत घेतलेले नाहीत, हे आज स्वतः जाऊन सांगून आलो. चहा झाला, पण उत्तर मिळाले नाही. यापुढे दर बदलला तर तो पुढच्या कामालाच लागू होईल.

काकू नव्या मोजणीत सहाव्या आल्या आहेत. थेट दुरुस्तीचा अधिकार त्यांना आपोआप मिळाला.

१२ ऑक्टोबर २०२५

जूनमधल्या त्या विद्यार्थ्याला कॉलेजात दाखवण्यासाठी प्रमाणपत्र हवे आहे. त्यावर एकूण गुण आणि क्रमांक लिहावा, अशी त्याची विनंती होती. २३० गुण म्हणजे किती, हे कॉलेजातल्या कोणाला कळणार नाही, आणि क्रमांक दर सोमवारी बदलतो, त्यामुळे त्यापुढे तारीख घालावी लागेल, हे त्याला सांगितले. थोडा विचार करून तो म्हणाला की मग मान्य झालेल्या नोंदीच मोजा.

मोजल्या. त्या रात्रीच्या ६४ पैकी ५ टिकल्या, आणि नंतर त्याने आजीला विचारून केलेल्या १८ आहेत. प्रमाणपत्रावर २३ हा आकडा घातला असून मागच्या पानावर त्या २३ शब्दांची यादी छापली आहे. ‘अलमारी’ तिच्यात आहे. तिच्या खालचे उदाहरणवाक्य काकूंनी बदलून दिले आहे.